हिफिस्ती

फिनिश भाषेत त्यांना म्हणतात हिफिस्ती.
म्हणताना जिभेवर थोडा खवचटपणा यावाच लागतो.
शब्द जन्मला आवाजाच्या वेडातून,
मग झिरपत गेला घरभर :
कॉफीचं पाणी तीनदा गाळणारा तो हिफिस्ती,
सुरीला धार लावता लावता जेवण थंड करणारा, तोही.

आपल्याकडे तानसेन होता आलं नाही तर
कानसेन व्हायची मुभा आहे.
त्या शब्दात पाठीवर हात आहे,
ह्यात चिमटा.
रायलीला दोन्ही एकदम जमायचं.

तिचा नवरा तौनो हाल्मे
चौतीस वर्षं वार्काउसच्या कागद गिरणीत
रोलरच्या पोटात तेल घालत राहिला.
तिथे बोलणं म्हणजे ओठ आणि खुणा.
घरी त्याला शांतता हवी असायची,
पण साधी नाही, रंधा मारलेली,
जिच्यावर चेलोचा एक स्वर ठेवला
तर ओरखडा दिसावा.

पेट्या त्यानं स्वतः बांधल्या, बर्चच्या प्लायवूडच्या.
("आपल्या दोघांच्या मापाच्या आहेत," रायली म्हणाली,
"पुढे लाकूड वाया जाणार नाही.")
तारा जमिनीला टेकू नयेत म्हणून ठोकळे.
फरशीवर निळी चिकटपट्टी, खुर्चीच्या चार पायांसाठी.
खुर्ची एकच.
फ्रिज घुरघुरतो
म्हणून आठ ते दहा त्याचा प्लग बाहेर.
हिवाळ्यात ठीक, दूध बाल्कनीत, उणे वीसमध्ये.
जूनमध्ये नासलेलं दूध ओतताना
ती दारातून तो शब्द म्हणायची, एकदाच,
आणि दार लावून विणत बसायची.
आत तिसऱ्या मिनिटाला वादक श्वास घ्यायचा,
तौनो बोट वर करायचा
बंद दाराकडे बघून.

मग स्कीच्या सुट्टीत नात आली, हिल्ला, सात वर्षांची.
कानांवर हात ठेवून म्हणाली,
"आजोबा, ते शिट्टी का वाजवतंय?"
"कोण?"
"ते. उजवं."
त्यानं पेटीच्या कापडाला कान लावला.
काही नाही.
इतकं स्वच्छ काही नाही
की क्षणभर त्याला अभिमानच वाटला.

तपासणीच्या कागदावर रेघ
चार हजारांपर्यंत बरी चालत आली
आणि मग तळ्याच्या काठाला रस्ता संपावा तशी.
तिथली मुलगी हळू बोलली, मग तेच मोठ्यानं बोलली :
"ह्याच्या वरचं तुम्हाला
बरीच वर्षं आलेलं नसणार."

रायली बटाटे सोलत होती.
"उजवी पेटी शिट्टी वाजवते?"
"हो."
"कधीपासून?"
"आली तेव्हापासून."
"अकरा वर्षं?"
"बारा."
"आणि तू बोलली नाहीस?"
तिनं बटाट्याचा डोळा काढला, बटाटा धुतला,
पुन्हा धुतला.
"तू इतका छान बसलेला असायचास."

त्या संध्याकाळी त्यानं तिला दंडाला धरून
खुर्चीत बसवलं. पहिल्यांदा.
तिचे पाय जमिनीला पोचेनात.
तो ॲम्प्लिफायरच्या मागे गुडघ्यांवर,
दातांत बॅटरी, हातात डाक लावायची कांडी.
"आहे," ती म्हणायची. "आहे.
आता नाही... थांब, आहे."
नऊ वाजले. साडेदहा.
मग बराच वेळ काहीच नाही.
झोपली वाटतं, म्हणून त्यानं मान वर केली.
डोळे मिटलेले, चेहरा कसल्यातरी कडेशी आलेला.
"गेली," ती म्हणाली. "लाव आता ते तुझं."

तिसऱ्या मिनिटाला तिनं भुवई उचलली.
"ह्याला सर्दी झालीय."
"कोणाला?"
"वाजवणाऱ्याला. नाक वाजतं श्वास घेताना.
आणि त्याची खुर्ची करकरते.
हे तुला माहीत नव्हतं?"
त्याला नव्हतं.
"ही जरा डावीकडे घे. बोटभर.
नाही, इतकी नको."

निळ्या पट्टीचं टोक नखानं सोडवत,
जमिनीवरूनच,
तो तिला तो शब्द म्हणाला.

फ्रिज लावायचा राहिला.
मार्च होता,
दूध बाल्कनीतच होतं.